वाद्यांचा गलका आणि पाहणारी नजर

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात, एका आठवड्याच्या अंतराने, दोन मराठी चित्रपट प्रदर्शित झाले: सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ आणि रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. पहिल्यास गर्दी लोटली. दुसऱ्याने त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातील सर्वोच्च पारितोषिक मिळविले असूनही त्याच्या वाट्यास मोजके आणि अडनिड्या वेळचे खेळ आले. ह्या दोहोंच्या आगेमागे गेल्या तीन-चार वर्षांतील इतरही बरेच मराठी चित्रपट, काही थिएटरात व काही घरी, पाहण्यात आले, आणि त्या सगळ्यांच्या परिणामी मनात जे साचत गेले त्यास संताप ह्याहून सौम्य नाव देणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाईट चित्रपट निघतात म्हणून हा संताप नाही. वाईट चित्रपट सर्व काळी निघत आले आहेत आणि यथावकाश ते विसरलेही जातात. संताप आहे तो ह्याचा, की जी कला मुळात पाहण्याची, तिने आमच्या डोळ्यांदेखत पाहणेच सोडून दिले आहे. आणि ज्या थोड्या दिग्दर्शकांनी ते सोडलेले नाही, त्यांची नोंद ‘महोत्सवाचे चित्रपट’ अशा एका निराळ्या रकान्यात करून त्यांना बाजूस सारण्याची वहिवाट पडत चालली आहे.

ह्या रोगाचे सर्वांत उघड लक्षण म्हणजे पार्श्वसंगीत. आजच्या बहुतेक मराठी चित्रपटांत ते आरंभापासून अखेरच्या श्रेयनामावलीपर्यंत अखंड वाजत असते. नायकाने पाऊल उचलले की नगाऱ्यावर टिपरी पडते; आईच्या डोळ्यांत पाणी यावयाच्या आधीच व्हायोलिने गहिवरू लागतात; विनोदी पात्राने तोंड उघडावे तोच वाद्यवृंद त्याच्यासाठी हसून मोकळा होतो. संगीतरचनाकारास ह्याचा बोल लावण्यात अर्थ नाही, कारण त्याला हुकूमच तसा झालेला असतो. दिग्दर्शकाचा आपल्या दृश्यावर भरवसा नाही, निर्मात्याचा प्रेक्षकावर नाही, आणि ह्या दुहेरी अविश्वासाची वसुली ध्वनीकडून केली जाते; प्रेक्षकाला स्वतःचे असे काही वाटू लागण्यापूर्वीच त्याला काय वाटले पाहिजे ह्याचे फर्मान सुटते. गाण्याविषयी माझी तक्रार नाही. ज्या कोल्हापूरने भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ घडविला त्या गावच्या माणसाने गाण्याविरुद्ध फिर्याद मांडावी हे संभवत नाही. ‘आनंदघन’ ह्या नावाने लता मंगेशकरांनी १९६५ साली त्या चित्रपटास दिलेल्या संगीताचे नाते लोहाराच्या भात्याशी आणि ऐरणीशी आहे. गाणे येते, त्या माणसांचे होऊन राहते आणि आपले काम संपले की दूर होते. अखंड वाजणारे पार्श्वसंगीत कोणत्याच माणसाचे नसते. ते निर्मात्याच्या भीतीचे असते.

‘साबर बोंडं’ मध्ये असे संगीत मुळीच नाही. मुंबईत कॉल सेंटरात नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर गावी येतो आणि सुतकाचे दहा दिवस तेथे काढतो, एवढीच कथा. पायांत काही घालू नये येथपासून सुरू होणारे विधिनिषेध, येणारेजाणारे भाऊबंद, आणि तिशीला आलेल्या मुलाच्या लग्नाचा तगादा. त्यातच बाळ्या हा बालपणीचा मित्र, शेळ्यांमागे रानोमाळ फिरणारा, तोही लग्न टाळीत आलेला. ह्या दोन पुरुषांमधील ओढ हा चित्रपटाचा विषय आहे, आणि असा विषय घेतला की आमच्याकडे एक तर घोषणा होते किंवा चेष्टा. कानवडे ह्या दोहोंच्या वाटेस जात नाहीत. ते कॅमेरा एका जागी ठेवतात आणि थांबतात. घरातल्या बायका कामात असतात, कोणी बोलते, कोणी ऐकून न ऐकल्यासारखे करते, दूर कोठे शेळी ओरडते, आणि पाहणाऱ्याच्या हळूहळू ध्यानात येऊ लागते की ह्या गजबजलेल्या शोकगृहात एका माणसाचे दुःख इतरांच्या दुःखाहून वेगळ्या जातीचे आहे. त्याला वडील तर गेलेच आहेत, शिवाय ज्याच्यापुढे काही लपवावे लागत नव्हते असा एक माणूस गेला आहे. हे कोणी उच्चारून सांगत नाही. आईला मुलाविषयी सर्व ठाऊक आहे, हेही जयश्री जगताप ह्या अभिनेत्रीच्या बसण्याउठण्यावरून आपण ओळखतो. नातेवाइकांचा प्रश्न मुलापर्यंत पोचण्यापूर्वी ती तो आपल्या अंगावर घेते, आणि त्या घेण्यात कोठेही शौर्याचा आव नाही. हजार घरांतल्या आया हजार कारणांसाठी जे करीत आल्या आहेत तेच ती करते.

बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची लाल फळे घेऊन येतो, काटे काढून. ह्या एका कृतीवर दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने सतारीचा तुकडा, मंदगतीची चौकट आणि सूर्यास्त एवढे सर्व खर्चून टाकले असते. येथे फळ आहे, हात आहे, खाणे आहे. ज्याने हे फळ रानात कधी तोडले असेल त्याला त्या बारीक काट्यांचा दाह ठाऊक असतो, आणि तेवढ्या ज्ञानावर दिग्दर्शक विसंबतो. प्रेक्षकाच्या अनुभवाला असा मान देणे हे मला ह्या चित्रपटाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते, त्याच्या विषयाहूनही मोठे. त्या विषयासाठी त्याची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. तथापि उद्या असला विषय सर्वसामान्य होईल, आणि तरीही हा चित्रपट उरेल, कारण वडिलांच्या मरणानंतर घरात जो एक विचित्र मोकळेपणा आणि जी एक विचित्र लाज एकाच वेळी वावरत असते, ती मराठी पडद्यावर इतक्या अचूकपणे क्वचितच दिसली असेल.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा ह्याच कुळातला. तो २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला, तेथे त्यास नेटपॅक पारितोषिक मिळाले, आणि आपल्याकडे तो प्रदर्शित व्हावयास २०२५ चा मार्च उजाडावा लागला. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव हे दिग्दर्शकाचे स्वतःचे गाव. तेथलीच माणसे पडद्यावर आहेत आणि त्यांच्या तोंडी तेथलीच बोली आहे. सविता नावाची पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी, तिचा कापूस पिकविणारा बाप, आणि तिला पाहावयास येणारी स्थळे. आरंभीचेच दृश्य उलटे आहे: मुलगी आणि तिच्याकडील बायका एका मुलाला पाहावयास गेल्या आहेत, त्याला समोर बसवून प्रश्न विचारीत आहेत. ते स्वप्न आहे हे कळल्यावर खरा कार्यक्रम सुरू होतो. सविता डोक्यावर पदर घेऊन येते, सर्वांसमोर बसते, आणि तिला नाव, शिक्षण, उंची, आवड विचारली जाते. मग दुसरे स्थळ, तेच बसणे, तेच प्रश्न. मग तिसरे. पहिल्या वेळी प्रेक्षक हसतो; दुसऱ्या वेळी त्याचे हसू थबकते; नंतर तो स्वतःच त्या पुरुषांच्या रांगेत बसून मुलगी पाहत आहे अशी जाणीव होऊन तो अवघडतो. पुनरावृत्तीचा असा धीट उपयोग मराठी चित्रपटात फार थोड्यांनी केला आहे. आणि ह्या सर्वांखालून कापसाच्या भावाचा हिशेब चालू असतो: माल विकावा तर भाव नाही, ठेवावा तर लग्नाला पैसा नाही. मुलीचा रंग आणि कापसाचा दर ह्या दोन गोष्टींचे मोल ठरविणारी माणसे परकीच आहेत, हे कोणत्याही संवादाशिवाय ध्यानात येते. बापावर दिग्दर्शक रागावलेला नाही. तो मुलीवर माया करणारा, हतबल आणि त्याच वेळी तिच्या अपमानाचा भागीदार असा माणूस आहे. असा बाप रंगविण्यास खलनायक रंगविण्याहून कितीतरी अधिक प्रामाणिकपणा लागतो.

ह्या परंपरेची अलीकडची सनद चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ ने मिळवून दिली हे सर्वश्रुत आहे. नारायण कांबळे हा वृद्ध लोकशाहीर, त्याच्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप, आणि तारखांमागून तारखा. त्यातली सरकारी वकील कचेरी संपवून लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. तेवढा वेळ खटला बाजूस राहतो आणि तरीही प्रत्येक क्षणी तो आपल्या डोक्यात चालू असतो, कारण एका म्हाताऱ्याच्या स्वातंत्र्याचा मामला ज्यांच्या हाती आहे ती माणसे इतकी साधी, इतकी आपल्यासारखी असावीत हीच त्यातली भीषणता. शेवटाकडे न्यायालयास सुटी लागते, शिपाई खिडक्या लावतो, दिवे मालवतो, आणि कॅमेरा त्या अंधारात तसाच राहतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’ मध्ये डुक्कर पकडण्याची ती लांबलचक, लाजिरवाणी धावपळ चालू असता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते, डुक्कर निसटते. हा ध्वनी त्या गावातला आहे, त्या क्षणी तेथे खरोखर ऐकू येऊ शकणारा आहे, आणि म्हणूनच तो छातीत रुततो. ध्वनीचा असा वापर ज्याला सुचतो त्याला वाद्यवृंदाची मनधरणी करावी लागत नाही.

बाकीच्या अलीकडच्या चित्रपटांविषयी फार लिहिण्याचे कारण दिसत नाही. ‘बाईपण भारी देवा’ ने बायकांचे थवेच्या थवे थिएटरात आणले ही समाजशास्त्राच्या दृष्टीने मोठीच घटना होय. चित्रपट म्हणून ती मंगळागौरीच्या स्पर्धेच्या मागे लागून आपल्या सहा बहिणींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर पुरेशी थांबत नाही. ‘फुलवंती’ डोळ्यांस सुखविते आणि तेथेच थांबते. ‘जारण’ मध्ये अमृता सुभाष यांच्यासारखी अभिनेत्री असता घाबरविण्याचे काम ध्वनीवर का सोपवावे, हे मला उमगले नाही. ‘आता थांबायचं नाय!’ ह्या शिवराज वायचळ यांच्या चित्रपटात रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देणारे महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी आहेत, आणि त्यांच्या हातांकडे, त्यांच्या पेन धरण्याकडे जेव्हा जेव्हा कॅमेरा पाहतो तेव्हा तेव्हा हा चित्रपट उंचीस जातो.

‘दशावतार’ मात्र एका ओळीत निकालात काढण्याजोगा नाही. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला बाबुली मेस्त्री, दृष्टी अधू होत चाललेला वृद्ध दशावतारी नट, रंग लावताना, मुकुट चढविताना, पोरासमोर आपला थकवा लपविताना, हे सर्व आरंभीच्या भागात इतक्या ममतेने टिपले आहे की आपण एका थोर चित्रपटाच्या उंबरठ्यावर आहोत असे वाटू लागते. (मेस्त्री हेच आमच्या कोल्हापूरचे मूकपटकार बाबूराव पेंटर यांचेही मूळ आडनाव, तो योगायोग मला त्या अंधारात उगाचच सुखावून गेला.) पुढे मुलाचा अंत होतो, खाणीचे कारस्थान उघड होते, आणि म्हातारा एकेका अवताराच्या रूपाने सूड घेऊ लागतो. सूडास माझी हरकत नाही. कोकणातील डोंगर पोखरणाऱ्यांविषयीचा क्रोध रास्तच आहे. परंतु ज्या नटाचा एक एक श्वास आतापर्यंत ऐकू येत होता तो ह्या उत्तरार्धातील गदारोळात हरवतो. प्रभावळकरांसारखा नट मुखवट्याआड आणि वाद्यांच्या भडिमाराआड ढकलला जातो. दिग्दर्शकाला पाहता येते ह्याचा पुरावा त्याच्याच पूर्वार्धात आहे. त्याने ते मध्येच सोडून का द्यावे, ह्याचे उत्तर कलेत सापडत नाही, बाजारात सापडते.

आता ऐतिहासिक चित्रपटांकडे वळतो, कारण ह्या लेखाचे खरे कारण ते आहेत. २०१८ च्या ‘फर्जंद’ पासून दिग्पाल लांजेकर यांनी शिवकालावर चित्रपटांची मालिकाच आरंभिली. ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ हे तिचे पुढले दुवे. शेजारी प्रवीण तरडे यांचा ‘सरसेनापती हंबीरराव’, आणि हिंदीत ‘छावा’. ह्या चित्रपटांमागील भक्तिभाव खरा आहे ह्याविषयी मला संशय नाही, आणि चिन्मय मांडलेकर किंवा अजय पुरकर यांच्या निष्ठेविषयीही नाही. माझा आक्षेप असा की हे चित्रपट इतिहास दाखवीत नाहीत. ते इतिहासाचा जयघोष करतात, आणि जयघोषात माणूस दिसेनासा होतो.

‘पावनखिंड’ चेच पाहा. हा प्रसंग आमच्या जिल्ह्यात घडला. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले. त्यांच्या वेषात शिवा काशीद शत्रूच्या हाती गेला आणि प्राणास मुकला. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी पाठलाग थोपवून धरला. दर वर्षी जुलैत हजारो तरुण पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पायी चालतात. मसाईच्या पठारावर धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, करपेवाडीच्या अंगाला गुडघाभर चिखलातून पाय ओढून काढावा लागतो, पिंडऱ्यांना जळवा लागतात, ओढे फुगलेले असतात, आणि ह्या सर्वांवर एकच आवाज असतो, पावसाचा. तो इतका सलग असतो की शेजाऱ्याला हाक मारावी तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते. त्या रात्री त्या सहाशे म्हणा, जितक्या म्हणा तितक्या माणसांनी खांद्यावर पालखी घेऊन हेच ऐकले असणार: पाऊस, स्वतःची धाप, आणि मागून घोड्यांच्या टापा येतात की काय ह्याची शंका. ह्याहून अधिक रोमांचकारी ध्वनी कोणता संगीतकार निर्माण करणार आहे? आणि हाच ध्वनी चित्रपटात ढोलांखाली, समूहघोषाखाली, संवादाखाली पुरून टाकला आहे. पाऊस पडताना दिसतो, परंतु भिजवीत नाही. बाजीप्रभूंच्या तोंडी शिट्ट्या घेणारी वाक्ये आहेत; रात्रभर धावलेल्या, वयस्क, जखमी माणसाचा थकवा नाही. थकवा दाखविला तर शौर्य उणे होते अशी समजूत दिसते. उलट आहे. जो थकत नाही त्याच्या लढण्याचे मोल ते काय?

‘ही भालजींची परंपरा आहे’ असे ह्या चित्रपटांच्या बाजूने वारंवार सांगितले जाते, आणि कोल्हापूरकर म्हणून ह्या दाव्याची रुजुवात करणे मला कर्तव्य वाटते. भालजींचे ऐतिहासिक चित्रपट तंत्राच्या दृष्टीने तोकडे होते, नाटकी होते, हे मान्य. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. त्या राखेतून तो उभा करून, जळालेला ‘मीठ भाकर’ पुन्हा चित्रित करून, ह्या माणसाने १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ काढला. त्यात चंद्रकांत मांडरे महाराज म्हणून उभे राहतात आणि बोलतात, आणि कॅमेरा त्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐकून घेतो. समोरच्या माणसाचे म्हणणे पुरे होऊ देणे ही भालजींची शिस्त होती. त्यांच्या दरबारात अदब होती. आजच्या दरबारात कॅमेरा सिंहासनाभोवती गरगर फिरतो, एक वाक्य पाच तुकड्यांत तोडले जाते आणि प्रत्येक तुकड्यावर नगारा पडतो. भालजींच्या फेट्यांचे आणि तलवारींचे वारस पुष्कळ झाले; त्यांच्या अदबीचा वारसा कोणी सांगावयास तयार नाही.

आणि कोल्हापूरची परंपरा म्हणावयाची तर ती भालजींच्याही मागे जाते. बाबूराव पेंटरांनी आपल्या साथीदारांच्या मदतीने कॅमेरा हातांनी घडविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’ यांसारखे भव्य पट काढल्यानंतर, १९२५ च्या सुमारास, ते ‘सावकारी पाश’ कडे वळले. सावकाराच्या खोट्या कागदाने जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणारा शेतकरी, आणि त्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. त्यातील अंधाऱ्या झोपडीचे आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांच्या स्मरणातून ते गेले नाही. हा मूकपट होता, हे लक्षात घ्यावे. मूकपटात कुत्र्याचे भुंकणे ऐकू आल्याचा प्रत्यय प्रेक्षकाला येत असेल, तर तो केवळ पाहण्याच्या सामर्थ्याने. त्याच कार्यशाळेतून निघालेल्या दामले आणि फत्तेलाल यांनी पुढे, १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन झालेल्या आणि नंतर पुण्यास गेलेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीसाठी, ‘संत तुकाराम’ काढला. त्यातील चमत्कार आज जुने दिसतात. जुनी दिसत नाही ती गौरीबाईंनी उभी केलेली तुकारामाची बायको आवली, आजारी पोराला ओढीत, हातात पायताण घेऊन देवळात विठोबाला जाब विचारावयास निघालेली. ‘स्थळ’ मधील बाप आणि ‘साबर बोंडं’ मधील आई ही ह्या आवलीची सख्खी नातलग आहेत. ज्यांना वंशावळ काढावयाची असेल त्यांनी ती अशी काढावी.

‘महोत्सवाचे चित्रपट’ ह्या शिक्क्याचा समाचारही येथेच घेतो. परदेशी परीक्षकांसाठी काढलेले हे चित्रपट आमचे नव्हेत, असे म्हणणाऱ्यांनी आठवावे की १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘संत तुकाराम’ चा गौरव झाला होता आणि त्याच वेळी इकडे खेड्यापाड्यांतून गाड्या जोडून माणसे तो पाहावयास येत होती. त्याच व्हेनिसमध्ये २०१४ साली ‘कोर्ट’ ला आणि २०२० साली ताम्हाणे यांच्याच ‘द डिसायपल’ ला पारितोषिके मिळाली. तुकारामाचा अभिमान बाळगावयाचा आणि कांबळे शाहिराला परका ठरवावयाचा, हा न्याय कोणता?

ह्यावर ठरलेले उत्तर असते की लोकांना असले संथ चित्रपट पाहवत नाहीत. हे उत्तर देणारी माणसे लोकांना ओळखत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेल्या खासबाग मैदानात दोन तोलामोलाचे पैलवान एकमेकांत गुंतून, मानेवर मान टाकून, बराच वेळ हलतही नाहीत, तेव्हा त्या मातीभोवती बसलेला शेतकरी, हमाल, दुकानदार जांभया देत नाही. तो त्या न हलण्यात पाहत असतो: कोणाची पोटरी थरथरते, कोणाचा श्वास वर लागला, कब्जा कोणाचा सुटत आला. हलगी वाजत असते, परंतु कोणता डाव बसला हे त्याला हलगी सांगत नाही. ते तो स्वतःच्या डोळ्यांनी ओळखतो, आणि ओळखल्याच्या आनंदासाठीच तो तेथे आलेला असतो. ह्या माणसाला पाहता येत नाही असे म्हणणे हा त्याचा अपमान आहे. आणि चित्रपटातलेच प्रमाण हवे असेल तर ‘सैराट’ घ्या. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर सारा महाराष्ट्र थिएटरांत नाचला, शंभर कोटींपर्यंत पोचलेला तो पहिला मराठी चित्रपट. आणि त्याचा शेवट मंजुळे यांनी संपूर्ण निःशब्द ठेवला. रक्ताची ती लहान पावले उमटत जातात आणि पडद्यावर कसलाही आवाज नाही. काही वेळापूर्वी शिट्ट्या मारणारा तोच समुदाय त्या निःशब्दतेत बसून राहिला, कोणी खुर्ची वाजविली नाही. प्रेक्षक अपात्र आहे हे म्हणणे त्या दिवशीच खोटे ठरले. तरीही त्यानंतरच्या वर्षांत निर्मात्यांनी ‘सैराट’ कडून काय उचलले, तर गाण्यांची पट्टी.

दोष प्रेक्षकाचा नाही, तर कोणाचा? निर्मात्यांचा आहे, थिएटरमालकांचा आहे, आणि आम्हा कोल्हापूरकरांचाही आहे. हे शेवटचे विधान मी जड मनाने पण पूर्ण विचारांती करतो. खरी कॉर्नरच्या कॅमेरास्तंभाला आम्ही हार घालतो. जयप्रभा स्टुडिओच्या जागेसाठी २०२२ साली येथे आंदोलन झाले, आणि ते योग्य होते. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळाले तेव्हा ह्या गावाच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. वास्तूंवर आमचे प्रेम आहे. परंतु ज्या कामासाठी त्या वास्तू उभ्या राहिल्या ते काम आज दुसरा कोणी चंद्रपूरच्या खेड्यात बसून करीत असेल, तर त्याच्या चित्रपटाला आमच्या शहरात आठवडाभर धड जागा मिळू नये, आणि त्याबद्दल एकही निवेदन कलेक्टर कचेरीत जाऊ नये, ह्याला वारसा जपणे म्हणता येणार नाही. भिंती वाचवावयाच्या आणि नजर मरू द्यावयाची, असा हा कारभार आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीची मंडळी आपल्या परीने जगातले चांगले चित्रपट येथे आणतात, महोत्सव भरवितात. त्यांचे उपकारच आहेत. पण वर्षातल्या काही दिवसांच्या महोत्सवाने सवय लागत नाही, आणि पाहणे ही सवयीने येणारी गोष्ट आहे.

मोरेवाडीच्या माळावर शासनाची कोल्हापूर चित्रनगरी गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकापासून आहे. तेथे चित्रीकरणासाठी चाळ, वाडा, देऊळ अशी स्थळे मांडून ती भाड्याने देण्याची व्यवस्था आहे, आणि मालिकावाले त्यांचा उपयोग करतात. त्याच शासनाने ‘स्थळ’ आणि ‘साबर बोंडं’ यांसारख्या चित्रपटांसाठी ह्या शहरात एक पडदा वर्षभर राखून ठेवावा. तो चित्रनगरीत असो वा गावातल्या एखाद्या बंद पडलेल्या थिएटरात. त्यास फार मोठा खर्च येण्याचे कारण नाही. खेळ फुकट नसावा, कारण फुकट दाखविलेल्या चित्रपटाकडे लोक पाहुणे म्हणून येतात आणि मध्येच उठून जातात. चित्रपट आठवड्याने उतरवू नये; एकाने दुसऱ्याला सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, एवढा अवधी त्यास मिळाला पाहिजे. आणि खेळ संध्याकाळचा असावा. सकाळी साडेनऊचा खेळ लावून प्रेक्षक येत नाहीत म्हणून कागदावर दाखला लिहिणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की सविताच्या बापासारखा शेतकरी, बाळ्यासारखा शेळ्या राखणारा, रात्रशाळेतला तो महापालिकेचा कामगार, ज्यांच्याविषयी हे चित्रपट आहेत ती सर्व माणसे त्या वेळी कामावर असतात.